खऱ्या डोळ्यांची यादी

"तुम्ही आरोपी का?" नक्कल विभागाच्या खिडकीमागून कारकुनाने विचारलं.

"नाही."

"फिर्यादी?"

"नाही."

"साक्षीदार?"

"अजून तरी नाही."

"मग काका, तुम्ही आहात तरी कोण?"

थोरल्याने हातातला अर्ज उलटसुलट करून पाहिला, जणू उत्तर मागच्या बाजूला लिहिलेलं असावं. "ज्या कॉम्प्युटरची नक्कल मागतोय, तो माझ्या कामाच्या खोलीतला आहे," तो म्हणाला. "त्यातलं काम माझं आहे."

"होतं," कारकून म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता. समजावून सांगायची त्याला हौस होती. "आता तो मुद्देमाल. आणि त्यातल्या माहितीची नक्कल मिळते आरोपीला. हक्कच आहे त्याचा. तुम्ही काही केलेलंच नाही, तर तुम्हाला काय म्हणून देऊ?"

रांगेत मागे कुणीतरी खुदकन हसलं. थोरल्याने अर्जाची घडी घातली, त्या घडीची आणखी एक घडी घातली, आणि तो बाहेर आला.

थोरला कृत्रिम डोळे बनवायचा. गल्लीत त्याला 'डोळेवाले' म्हणत. बावीस वर्षं दोघा भावांचं काम एकाच खोलीत, उत्तरेच्या खिडकीपाशी चाललं होतं. ज्याचा एक डोळा गेलाय त्याला थोरला खिडकीसमोर बसवायचा, त्याच्या उरलेल्या डोळ्यात बघायचा आणि नखाएवढ्या चकतीवर तसंच बुबुळ रंगवायचा. हात रंगाने भरलेले, नजर हलवायची सोय नाही. म्हणून तो बोलायचा आणि मागच्या टेबलावर धाकटा टाइप करायचा. रंगांचे नंबर थोरल्याला कधी जमले नाहीत. तो आपल्याच बोलीत सांगायचा: "पहिला थर भिजल्या विटेचा. वर मध, पातळ. बाहुलीभोवती कडं वाळल्या गवताचं. सात वाजताच्या जागी एक ठिपका, गंजाचा." हा थर थर सांगत जायचा, तो अक्षर अक्षर टिपत जायचा, याचा श्वास संपे तिथे त्याची बोटं थांबत. समोर बसलेल्याला वाटायचं, दोघं मिळून काही म्हणताहेत.

धाकट्याचा स्वतःचा उजवा डोळाही थोरल्याच्याच हातचा. सहाव्या वर्षी दुखण्यात डोळा गेला, तेव्हा ट्रेमध्ये मांडलेल्या तयार डोळ्यांतला एक, त्यातल्या त्यात जुळता, उचलून त्याला बसवला होता. शाळेत पोरं 'दुरंगी' म्हणून हाक मारत. अकरा वर्षांचा थोरला रोज कुणाकुणाशी मारामारी करून घरी यायचा. मोठेपणी त्याने मारामारी सोडली आणि हा धंदा धरला.

पण थोरला बाहेर गेला की त्याच टेबलावर धाकटा दुसरंही काम करत होता. दोन्ही डोळे धडधाकट असलेल्यांना 'एक डोळा कृत्रिम' अशी प्रमाणपत्रं, अधूंसाठी राखलेल्या नोकऱ्या मिळाव्यात म्हणून. पहिलं दिलं एका ओळखीच्याच्या गयावया ऐकून. पुढची त्या ओळखीच्याच्या ओळखीच्यांना, कारण एकदा हो म्हटल्यावर नाही म्हणायला तोंड उरलं नाही. खोटं उघडं पडू नये म्हणून प्रत्येकाच्या नावाने कॉम्प्युटरमध्ये नोंदही केली: तारीख, माप, आणि दुसऱ्याच कुणाच्या तरी बुबुळाचा फोटो.

एका सकाळी अधिकारी आले. कॉम्प्युटर नेला, जादा प्रतीची डिस्क नेली, खणातले फोटोही नेले. थोरला अर्धा रंगवलेला डोळा हातात घेऊन भिंतीशी उभा होता. जामिनावर सुटून धाकटा जिना चढून आला, तेव्हा थोरला दोनच शब्द बोलला. "चालता हो." धाकटा एक पिशवी उचलून चालता झाला.

त्याला आठ महिने झाले होते. थोरला अजूनही रंगवताना मोठ्याने बोलायचा. "पहिला थर..." म्हणायचा आणि मागची बोटं गाठेपर्यंत थांबायचा. मागे कुणी नसायचं. मग त्या थांबण्याचं काय करावं हे त्याला कळायचं नाही.

हे असंच चाललं असतं. पण ग्रंथपालबाई आल्या.

निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती. अकरा वर्षांपूर्वी त्यांचा डावा डोळा गेला, तेव्हा उजव्याकडे बघून थोरल्याने डावा करून दिला होता. आता उजवाही दुखून दुखून काढावा लागला. आणि त्या गडबडीत इस्पितळात कुणीतरी डावा कापसात गुंडाळून वाटीत ठेवला, तो सफाईत कापसाबरोबर गेला. बाई जिन्याच्या पायऱ्या मोजत वर आल्या, खुर्ची चाचपून बसल्या आणि काळा चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"दोन करायचेत," त्या म्हणाल्या. "पण माझ्याच रंगाचे."

बघून रंगवायला डोळाच उरला नव्हता.

"गप्प का? मला दिसणार नाहीत, मग रंगाचं काय एवढं, असंच ना?"

"तसं नाही हो बाई."

"तसंच. अहो, मला नाही दिसणार, पण समोरच्याला तरी मी दिसले पाहिजे की नको? कुठलेही दोन बसवलेत तर तो दुसऱ्याच कुणाशी बोलेल."

"तुमचा रंग कॉम्प्युटरमध्ये आहे," थोरला म्हणाला. "फोटो आहे. थर आहेत."

"मग काढा."

"कॉम्प्युटर कोर्टात आहे."

"मग मागून घ्या. चाळीस वर्षं मी लोकांच्या घरातून पुस्तकं परत मागवली. लाजायचं नाही. चिकाटीने मागत राहायचं."

म्हणून तो अर्ज, ती खिडकी आणि ते हसणं. त्यानंतर थोरल्याने एक वकीलबाई गाठल्या. त्या भरभर चालत, भरभर बोलत, आणि अशिलाला उमगायच्या आत तारीख घेऊन मोकळ्या होत.

कोर्टात सरकारी वकील उठले. जप्त डिस्कमध्ये सहाशे चोपन्न नोंदी आहेत, ते म्हणाले. त्यातल्या खऱ्या किती, खोट्या किती, हाच तर खटला. ते ठरण्याआधी नक्कल बाहेरच्या माणसाला दिली, तर रुग्णांची खासगी माहितीही बाहेर जाईल आणि पुरावाही. आणि हा बाहेरचा माणूस कोण? आरोपीचा सख्खा भाऊ.

"आम्हाला एकच नोंद हवी आहे," वकीलबाई म्हणाल्या. "एका आंधळ्या बाईच्या डोळ्यांचा रंग. यात कुठला पुरावा फुटणार आहे?"

"त्याच फोटोवरून खोट्या नोंदी केल्या नसतील, हे कोण सांगणार?"

न्यायाधीशांनी दोघांचं ऐकून घेतलं, फाइल दोनदा चाळली आणि हुकूम दिला. आरोपीला पूर्ण नक्कल मिळेल, पण फक्त बचावासाठी. त्याने ती कुणाला द्यायची नाही, दाखवायची नाही, त्यातलं सांगायचं नाही. तसं केल्यास जामीन रद्द. खऱ्या नोंदी वेगळ्या झाल्या, की भावाने त्यांच्यासाठी पुन्हा अर्ज करावा.

"आरोपी असतात ना, तर परवापर्यंत नक्कल हातात असती तुमच्या," पायऱ्या उतरताना वकीलबाई म्हणाल्या.

"होता येईल का?"

त्या हसल्या. मग त्याच्या तोंडाकडे बघून हसायच्या थांबल्या.

"खटला किती चालेल?" त्याने विचारलं.

"पाच वर्षं. सात धरा."

"बाई चौऱ्याहत्तरच्या आहेत. नोंदी मी वेगळ्या करून दिल्या तर?"

"म्हणतील, भावाला वाचवतोय. ज्याने खोट्या केल्या, त्यानेच बोट ठेवून दाखवल्या तर कोर्ट मानेल. आणि तो कशाला दाखवेल? ती यादी म्हणजे कबुलीच की."

थोरल्याने तो रस्ता मनातून पुसून टाकला आणि दुसरा धरला. ज्यांनी बाईंना पाहिलं होतं, त्यांनाच तो विचारत सुटला. बाईंच्या बहिणीला फोन केला. "तपकिरी ना?" ती म्हणाली. "की घारे? थांबा हं, घारे आमच्या आईचे. हिचे... अहो, बहीण आहे माझी, तिच्या डोळ्यांत कशाला बघत बसू?" ग्रंथालयात बाईंच्या शेजारच्या टेबलावर एकोणीस वर्षं बसलेले गृहस्थ भेटले. त्यांना चष्म्याची सोनेरी काडी आठवत होती. तीस वर्षं रोज येणारा एक वाचक म्हणाला, "बाई शिक्का मारताना खाली बघायच्या." फोटो मिळाले, पण त्यांत चष्म्याच्या काचेवर खिडक्या चमकत होत्या, नाहीतर डोळ्यांच्या जागी दोन काळे ठिपके होते.

चाळीस वर्षं माणसं त्या टेबलापुढे आली, पुस्तक घेऊन गेली, पुस्तक देऊन गेली. त्या डोळ्यांत कुणीच डोकावलं नव्हतं.

आणि तो स्वतः? तीन तास समोर बसून बघितलं होतं त्याने. पण सांगून झालं की विसरायची त्याला सवय होती. लक्षात ठेवणारा मागे बसलेला असायचा. एवढंच आठवत होतं, की त्या डोळ्यात कुठेतरी एक जागा होती जिच्यासाठी त्याला चटकन शब्द सापडला नव्हता.

दर दोन दिवसांनी बाईंचा फोन यायचा. "आलं का माझं पुस्तक?"

"अजून नाही बाई."

"मागत राहा."

शेवटी एका दुपारी तो धाकट्याकडे गेला. शहराच्या दुसऱ्या टोकाला, टायरच्या गोदामावर एक खोली. धाकट्याने दार उघडलं आणि तो दारातच उभा राहिला. उजव्या डोळ्याची कड लाल झाली होती. बसवलेला डोळा दर वर्षी पॉलिश करावा लागतो, तो राहिला होता.

"दादा."

"आत येऊ का?"

"विचारतोस काय?"

एक खाट, एक खुर्ची, खिडकीत एक पाण्याची बाटली. फळीवर कोर्टाचा लिफाफा, सील न फोडलेला.

"ही नक्कल?" थोरल्याने विचारलं. "उघडलीसुद्धा नाहीस?"

"काय बघू उघडून? मला ठाऊक आहे की आत काय आहे." धाकट्याने खुर्ची पुढे सरकवली. "बस. वाळलास."

"तू काय फुगलायस?"

दोघं जरा हसले, आणि हसल्याबद्दल दोघंही ओशाळले. मग थोरल्याने ग्रंथपालबाईंचं सगळं सांगितलं. कापूस, वाटी, कोर्ट, बहीण, सोनेरी काडी. धाकटा खाली बघून ऐकत राहिला, टाइप करताना ऐकायचा तसा.

"आठवतात मला त्या," तो म्हणाला. "तू अडला होतास एका जागी. मी म्हटलं, दादा बोल लवकर, बोटं गार पडली. बाई हसल्या होत्या."

"काय म्हणालो मी मग?"

धाकट्याने बराच वेळ आठवून पाहिलं. "नाही आठवत. सहाशेच्या वर डोळे रे. पण लिफाफ्यात आहे. फोडतो, बघून सांगतो. तुला नाही दाखवत, नुसतं सांगतो. इथे कोण आहे ऐकायला?"

"नको."

"जामीन माझा जाईल, तुझा नाही."

"चोरून नको," थोरला म्हणाला. "चोरून झालं तेवढं पुरे झालं."

ते धाकट्याला लागलं. तो उठून खिडकीशी गेला. खाली कुणीतरी टायर घरंगळवत नेत होतं, त्याचा आवाज दूर जाईपर्यंत तो तिथेच उभा होता.

"मग यादी करतो," तो म्हणाला.

"कसली?"

"खऱ्यांची एक, खोट्यांची एक. माझ्या वकिलानेही सांगितलंय मला, तशी यादी दिली तर सगळं मिटतं. म्हणजे माझं मिटतं." तो वळला. "वेळ नाही लागणार. तुझं ऐकून टाइप केलेलं सगळं खरं आहे. न ऐकता केलेलं सगळं खोटं. नोंद वाचली की पहिल्या ओळीत कळतं मला, तू खोलीत होतास की नव्हतास."

"ती कबुली होईल छोट्या."

"होईल."

"आत जाशील."

"हो रे, तेही माहितीय."

आता 'नको' म्हणायचं होतं. थोरल्याला ते कळत होतं. शब्द दोन अक्षरांचा, तोंडाशी आलेला. आत्ताच एकदा तो किती सहज म्हणून झाला होता. त्याने बाटली उचलली, पाणी प्यायलं, बाटली होती तिथे ठेवली. धाकटा त्याच्याकडे बघत थांबला होता. बराच वेळ थांबला होता. मग त्याने मान हलवली, फळीवरून लिफाफा काढला, आणि थोरला न बोलता जिना उतरला.

यादीत एक्केचाळीस खोट्या निघाल्या. खात्री करायला कोर्टाने थोरल्याला पिंजऱ्यात बोलावलं. एकेक नाव वाचलं जायचं, "हा तुमचा रुग्ण?" आणि थोरला म्हणायचा, "नाही." एक्केचाळीस वेळा नाही. समोर धाकटा मान खाली घालून उभा होता. प्रत्येक 'नाही'ला त्याची मान किंचित हलायची, बरोबर आहे म्हटल्यासारखी. कबुली दिली म्हणून शिक्षा कमी झाली. दोन वर्षं.

त्यानंतर सहा आठवड्यांनी थोरल्याला सहाशे तेरा नोंदींची नक्कल मिळाली. खिडकीमागचा तोच कारकून म्हणाला, "बघा काका, मिळाली की नाही?" थोरल्याने सही केली.

नवीन कॉम्प्युटर उत्तरेच्या खिडकीपाशी मांडून त्याने बाईंची नोंद उघडली. आजवर त्याने एकही नोंद स्वतः वाचली नव्हती. लागली तर धाकटा वाचून दाखवायचा. आता तो ओळीवर बोट ठेवून वाचू लागला.

पहिला थर चहाच्या गाळाचा. वर जुन्या लाकडाचा, दोनदा. बाहुलीभोवती कडं मेणाचं. पाच वाजताच्या जागी. पुढे कंसात लिहिलं होतं: दादा अडला. खाली पुन्हा कंसात: दादा चार मिनिटं गप्प, बाई हसल्या. आणि मग: पाच वाजताच्या जागी करडी रेघ, ओल्या फडक्याने पुसलेल्या पाटीची.

थोरल्याने दुसरी नोंद उघडली. तिसरी उघडली. सगळीकडे थरांच्या मधे मधे कंस होते. दादा खोकला. दादाने मध म्हटलं, मग गूळ केलं. दादा आज चिडलेला. दादा गुणगुणतोय. दादा म्हणाला, हा डोळा आईसारखा. बावीस वर्षं खोलीत जे जे झालं, ते ऐकणाऱ्याने टिपून ठेवलं होतं. वाचून दाखवताना मात्र धाकटा कंस गाळायचा.

आई जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. आपण असं कधी म्हणालो होतो, हे थोरल्याला या कंसातून कळत होतं. ऊन खिडकीतून सरकून भिंतीवर गेलं तरी तो वाचत होता.

डोळे व्हायला बारा दिवस लागले. पांढऱ्यावर शिरांच्या जागी लाल रेशमाचे तंतू बसवले, रेघ तीनदा पुसून पुन्हा काढली. एका शुक्रवारी बाई आल्या. त्याने आधी डावा बसवला, मग उजवा, पापण्या अलगद सोडल्या आणि तो दोन पावलं मागे झाला.

"कसे दिसतात?" बाईंनी विचारलं.

"तुमचे."

बाईंनी बोटांनी पापण्या चाचपल्या, मग गाल, मग हात मांडीवर ठेवले. "टाइपचा आवाज आला नाही आज. भाऊ कुठे तुमचा?"

थोरल्याला खोटं बोलता आलं असतं. "तुरुंगात आहे. त्याने कबुली दिली, म्हणून नोंदी मोकळ्या झाल्या. म्हणून तुमचा रंग मिळाला."

तो त्या नव्या डोळ्यांकडे बघू लागला. ते त्याच्या खांद्यावरून पलीकडे बघत होते.

"मला सांगितलं असतंत तर मी नको म्हटलं असतं," त्या म्हणाल्या.

"म्हणूनच नाही सांगितलं."

"आणि तुम्ही? तुम्ही म्हणालात त्याला नको?"

"नाही."

"भेटलात का जाऊन?"

"नाही. दोन महिने होतील." त्याने कुंचला पुसला, पुसलेला पुन्हा पुसला. "कुठल्या तोंडाने जाऊ?"

"तुमचं तोंड राहू द्या. मला न्या." बाई उठल्या, खुर्चीची पाठ धरून उभ्या राहिल्या. "बोलायचं ते मी बोलेन. तुम्ही फक्त मला त्याच्यासमोर उभं करा. कशापायी आत गेला ते त्याने बघायला नको? मला दिसत नाही, पण त्याला दिसेल."

"भेटीचा वार गुरुवार असतो."

"मग गुरुवारी दहाला मी खाली उभी असेन. उशीर मला चालत नाही, आधीच सांगते."

त्या पायऱ्या मोजत उतरल्या. शेवटची पायरी झाल्यावर आकडा मोठ्याने म्हणाल्या, तो वर ऐकू आला. मग काठीचा आवाज रस्त्यात मिसळला.

थोरल्याने बोटांवर दिवस मोजले. शनिवार, रविवार, सोमवार, मंगळवार, बुधवार. पाच. त्या पाच दिवसांत कुणी यायचं नव्हतं, आणि गुरुवारी भावाला काय म्हणायचं ते त्याला एकट्यानेच शोधायचं होतं.